अंबूमावशीची फणी

सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात मी एकवीस वर्षं नोकरी केली. तेवढ्या काळात सहा मोठे साहेब आले आणि बदलून गेले. त्यांतल्या तिघांची नावं मला आज सांगता येणार नाहीत. अंबूमावशी मात्र काल भेटल्यासारखी डोळ्यांसमोर आहे, आणि ती तर साधी आया होती.

हजेरीच्या पुस्तकात तिचं नाव अंबूबाई. कानडी बाया तिला अंबक्का म्हणायच्या, आम्ही नर्सा तिला मावशी म्हणायचो. अंगाने बारीक, रंगाने काळी, पुढचे दोन दात पडलेले. नऊवारीच्या कमरेला एका बाजूला किल्ल्यांचा जुडगा आणि दुसऱ्या बाजूला लाकडी फणी खोचलेली. "किल्ल्या सरकारच्या, फणी माजी," असं ती नव्या माणसाला आल्याआल्या सांगून टाकायची. नवरा नव्हता. आधी गिरणीत, सूत गुंडाळायच्या रीळ खात्यात होती एवढं मला माहीत आहे. गिरणीचा भोंगा झाला की अजून तिची मान आपोआप वर व्हायची. याहून जास्त तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

ती ज्या खोलीची आया होती ती दवाखान्याच्या मागच्या अंगाला, धोबीघाटाशेजारी होती. दाराला लोखंडी गज, समोर लिंबाचं झाड. कागदोपत्री तिला निरीक्षणाची खोली म्हणत. गावात सगळे येड्यांची खोली म्हणत. एखाद्या बाईचं डोकं फिरलंय असं घरच्यांना किंवा पोलिसांना वाटलं, की मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने तिला तिथे दहा दिवस ठेवायचं. दहा दिवस ती काय करते ते नर्सने रोज एका पुस्तकात लिहायचं. त्यावरून डॉक्टर इंग्रजीत अहवाल करणार. मग मॅजिस्ट्रेट येऊन बाईला बघणार आणि ठरवणार, घरी की पुण्याला. पुण्याला म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात. तिथून बऱ्या होऊन आलेल्या बायाही मी बघितल्या आहेत. पण आणायला घरच्यांनी जावं लागे, आणि ते बऱ्याच घरांना जमत नसे.

मिठाच्या सत्याग्रहाच्या दोन-तीन वर्षं आधी माझी त्या खोलीवर नेमणूक झाली. मी नवी, शिकलेली, अक्षर सुंदर. पहिल्याच दिवशी मी एका बाईबद्दल लिहिलं, 'अन्न नाकारते.' मावशी अडाणी होती, पण आपल्या खोलीबद्दल काय लिहिलंय ते रोज वाचून घ्यायची. ऐकून म्हणाली, "नर्सबाई, काय नाकारती?"

"जेवण."

"तुमी तिला काय दिलतं?"

"भात."

"मग भात नाकारती म्हना की. मंगळवेढ्याकडची बाई हाय. तिकडं भात सनासुदीला करत्यात." तिने आपल्या फडक्यातली ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी त्या बाईपुढे ठेवली. बाईने दीड भाकरी खाल्ली. मी गुपचूप खाली लिहिलं, 'भाकरी खाते.'

तेव्हापासून तिचं टुमणं सुरू झालं. "बघितलं त्ये लिवा. वाटलं त्ये नगं." मी 'विनाकारण हसते' असं लिहिलं, की ती विचारणार, "कारन इचारलं व्हय तिला?" मी 'रात्रभर ओरडत होती' असं लिहिलं, की, "रातभर तुमी जाग्या व्हता?" मला राग यायचा. नर्सिंगचं शिकून मी आले होते, ती नव्हे. पण महिन्याभराने पुस्तक उघडून बघितलं, तर माझी वाक्यं निम्मी झाली होती आणि डॉक्टरांचे प्रश्नही.

मावशीचं खरं काम मात्र फणीचं. नवी बाई आली, की तिला आधी लिंबाखाली पायरीवर बसवायची, आपण वरच्या पायरीवर बसायची, आणि तिचं डोकं गुडघ्यांत घेऊन केस विंचरायची. तेल दवाखान्याच्या स्वयंपाकघरातलं करडईचं. त्याच्या वासाने मला मळमळायचं, पण कुठल्या पेशंटने तक्रार केल्याचं आठवत नाही. केस विंचरून, आंबाडा घालून, तोंड धुऊन मगच बाई खोलीत जाणार.

यावर तेव्हाचे आमचे डॉक्टर चिडायचे. कोकणातले होते, तरुण, कामाला चोख. एकदा म्हणाले, "अंबूबाई, पेशंट जशी आली तशी मला दिसली पाहिजे. तुम्ही तिला नटवून ठेवता, मग मी काय तपासू?"

मावशी उठून उभी राहिली. फणी हातात तशीच. "साहेब, चार दिस पोलिसाच्या टांग्यातनं हिंडवलं, तर मी पन येडी दिसंन की. केस इस्काटल्याला मानूस येडा दिसतोच. मग त्यो येडा हाय का न्हाय हे कळायचं कसं? केस आदी बाजूला करू द्या, मग बगा काय ऱ्हातंय त्ये."

डॉक्टरांना हे पटलं की नाही कोण जाणे. "बरं, बरं," म्हणून निघून गेले. फणी चालू राहिली.

विंचरताना मावशी बाईची परीक्षाही करायची. "डोकं हातात आलं की मानूस कळतं," म्हणायची. कुणी अंग चोरून बसे, कुणी शिव्या देई, कुणी पाच मिनिटांत तिच्या मांडीवर झोपून जाई. याची तिला काळजी नसे. तिला भीती वाटायची ती वेगळ्या बायांची. पेठेतल्या एका व्यापाऱ्याची सून आली होती. गोरीपान, शांत, सांगाल ते ऐकणारी. मला वाटलं, हिला काही झालेलं नाही. मावशीने तिच्या केसातल्या गाठी ओढून सोडवल्या, तरी तिने पापणी हलवली नाही. मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "हिला वढल्यालं कळंना झालंय. ही खरी आजारी हाय. लौकर पाठवा."

सुनेची सासू भली बाई होती. घरी न्यायला रडत आली. कुठल्याशा बाबाचा अंगारा आणला होता. मावशीने तिला एवढंच विचारलं, "घरात आड हाय?"

"आहे की."

"मग घरी न्हेऊ नका."

सासू रागावली, साहेबांकडे तक्रार केली. पण सून पुण्याला गेली. दीड वर्षाने तिचा नवरा स्वतः जाऊन तिला घेऊन आला. एकदा ती सासूबरोबर दवाखान्यात औषधाला आली होती. वाळली होती, पण दुकानात काय भावाने काय मिळतं ते बोलत होती. तिने मावशीला ओळखलं नाही. मला वाईट वाटलं. मावशी म्हणाली, "वळखायचं काय कारन? बरी झाली न्हवं?"

बरी होशील असं मात्र तिने कधी कुणाला म्हटलं नाही. "त्ये आपल्या हातात न्हाय. जेव म्हनावं," असं तिचं मत.

आता गंगव्वाचं सांगते. त्यात माझी चूक होती, म्हणून ते नीट सांगायला हवं.

गंगव्वा मंद्रूपकडची. वय बाविशीच्या आतबाहेर. घरात कानडी, बाहेर मोडकं मराठी. तिच्याबरोबर आलेल्या कागदात लिहिलं होतं, की आठवड्याच्या बाजारात तिने माणसांना दगड मारले, पाच महिन्यांचं मूल टाकून पळाली. सासरा आणि दीर तिला शिपायाच्या हवाली करून गेले. ती आली तेव्हा नेमकी मावशी भाचीच्या लग्नाला गावी गेली होती. तीन दिवस खोली माझ्या एकटीकडे.

गंगव्वाच्या डोक्यात उवा होत्या, आणि मागच्या बाजूला केसांचा मनगटाएवढा गुंता होता. दवाखान्याचा नियम असा, की उवा असल्या तर केस काढायचे. मी न्हाव्याला बोलावलं. त्याने वस्तरा काढताच ती उसळली. दोन शिपायांनी धरलं, तरी तिने न्हाव्याच्या हाताला चावून रक्त काढलं. केस राहिले. मी पुस्तकात लिहिलं, 'हिंसक. न्हाव्याला चावली.' डॉक्टरांनी त्याखाली तांबडी रेघ ओढली.

चौथ्या दिवशी मावशी आली. पातळसुद्धा न बदलता म्हणाली, "वाचा."

मी वाचलं.

"चावली खरं. कवा चावली?"

"केस काढताना."

"मग त्ये कुटं लिवलंय?" ती उठून खोलीत गेली, गंगव्वाच्या पाठीमागे उभी राहून तिचं डोकं बघितलं, हात न लावता. परत आली ती तणतणत. रागावली की ती मला तू म्हणायची. "तुला डोळं हायेत का न्हाय? जट हाय ती, पोरी. देवीची जट. त्याला वस्तरा लावायला गेल्यावर मी पन चावले आसते."

मी शहरात वाढलेली. जटेबद्दल ऐकलं होतं, बघितली नव्हती. आमच्या भागात, विशेषतः कानडी मुलखाकडे, बाईच्या केसात जट झाली की देवी आली म्हणतात. मग ती कापायची नाही. कापली तर घरातलं माणूस जातं. बाईला देवीची म्हणून वेगळी काढतात, आल्यागेल्याने तिच्या पाया पडायचं.

मावशी गंगव्वाशी कानडीत दुपारभर बोलली. मला नंतर सांगितलं ते असं. बाळंतपणानंतर दोन महिने गंगव्वाला ताप होता. डोक्याला तेल नाही, पाणी नाही. केसांचा गोळा झाला. सासूने देवी आली असं ठरवलं. नवऱ्याला लांब झोपवलं, मूल तिच्या अंगावरून काढून शेळीच्या दुधावर ठेवलं. सकाळपासून गावच्या बाया हळदकुंकू घेऊन दारात. पोर आत रडतंय, हिचं दूध गळतंय, आणि बाया पाया पडताहेत. एक दिवस ती उठून पळाली. बाजारात बायांनी गाठलं, तिथेही वाकायला लागल्या. तेव्हा तिने दगड उचलला.

पाया पडणाऱ्यांना दगड मारते आणि जट कापणाऱ्याला चावते. कोकणातल्या डॉक्टरांना यात वेडाशिवाय दुसरं काही दिसणं अवघड होतं. जट नको होती तिला, पण कापली तर पोर मरेल या भीतीने ती अर्धी झाली होती.

पुस्तकात खोडायची परवानगी नसते. मी त्या दिवशीच्या तारखेत नवी ओळ लिहिली. 'जटेला वस्तरा लावला तेव्हा चावली. इतर वेळी कुणाच्या अंगावर गेली नाही. जट कापली तर मूल दगावेल असं ती म्हणते.'

डॉक्टरांनी मला बोलावलं. "परवा हिंसक होती, आज नाही. हे काय?"

"परवा मी अर्धंच लिहिलं होतं."

"मॅजिस्ट्रेट विचारतील की नर्स कुणाच्या सांगण्यावरून लिहिते. नोकरीवर बेतेल."

"सांगण्यावरून नाही. न्हाव्याला बोलावलं तेव्हा मी तिथेच होते." त्यांनी दोन्ही ओळी राहू दिल्या.

पण नुसत्या ओळीने भागणार नव्हतं. सहा दिवसांवर मॅजिस्ट्रेट. जट घेऊन घरी गेली तर पुन्हा तोच दारातला बाजार, आणि पुन्हा दगड. जट काढली तर बाई भीतीनेच जाणार. मावशी दुसऱ्या सकाळी तेलाची वाटी घेऊन लिंबाखाली बसली. फणी कमरेलाच ठेवली. "बा, तंगी," म्हणजे ये गं धाकटे, असं म्हणून गंगव्वाला खालच्या पायरीवर बोलावलं. ती येईना.

"जट कापू नको म्हनत्यात, व्हय?" मावशी म्हणाली.

"व्हय."

"सोडवू नको म्हनून कुनी सांगितलंय तुला?"

गंगव्वाने जटेला हात लावून बघितला. "न्हाय," म्हणाली.

"मग बस फुडं."

सुरुवात करण्याआधी मावशीने त्या गुंत्याला हात लावून दोन्ही हात जोडले. ती काही देवी न मानणारी नव्हती. मग बोटांनी एकेक केस. सकाळच्या भोंग्यापासून दुपारच्या भोंग्यापर्यंत. तेल मुरवायचं, उवा मारायच्या, एक बट सुटली की पुढची. तुटलेला केसही ती फेकत नव्हती. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत होती. पहिल्या दोन दिवसांत टोकाकडचं बोटभर सुटलं.

दहाव्या दिवशी मॅजिस्ट्रेट आले तेव्हा जट निम्मी होती. व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. एका बाजूला डॉक्टर, दुसरीकडे सासरा आणि दीर. मावशीने गंगव्वाच्या डोक्यावरून पदर घट्ट घेतला होता आणि मागे खांबासारखी उभी होती. साहेबांनी नाव, गाव, मूल केवढं, सगळं विचारलं. उत्तरं बरोबर आली. मग त्यांनी कागद बघितला.

"बाजारात लोकांना दगड मारलेस?"

"मारले."

सासरा दिराकडे बघून मान हलवायला लागला. मला वाटलं, संपलं.

"का मारलेस?"

"माज्या पाया पडत हुते." मग एकदम तिचा आवाज चढला. "माजं पोर भुकेनं रडतंय, आन् ह्या बाया मला कुक्कू लावत बसल्यात. मी काय देऊळ हाय व्हय?"

मॅजिस्ट्रेटचा कारकून फिस्सकन हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी पुस्तक मागवलं, माझ्या दोन्ही ओळी वाचल्या आणि डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांच्या बाजूने हे सांगितलं पाहिजे, की ते स्वच्छ म्हणाले, "मला आणखी दहा दिवस हवेत. माझं मत अजून झालेलं नाही."

दहा दिवस मिळाले.

पुढच्या सहा दिवसांत जट सगळी सुटली, फक्त मुळाशी दोन बोटं राहिली. तिथे गंगव्वाने मावशीचा हात धरला. "आता ऱ्हाऊ दे. पोर हाय का बघून या."

मावशीने वाद घातला नाही. मंद्रूपहून एक भाजीवाली सोलापूरला माळवं घेऊन यायची. तिच्याकडे निरोप धाडला, की गंगव्वाच्या घरात शिरून पोर डोळ्यांनी बघायचं, ऐकीव सांगायचं नाही. तीन दिवस काही कळलं नाही. त्या तीन दिवसांत गंगव्वा दोन घासांवर राहिली. मी तसं लिहिलं, आणि पुढे लिहिलं, 'मुलाच्या निरोपाची वाट बघते.' डॉक्टरांनी ते वाचून काही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी भाजीवाली पाटी डोक्यावर घेऊनच धोबीघाटाकडून आली. "पोरगं टुणटुणीत हाय. मी उचलून घेतलं, तर माज्या लुगड्यावर मुतलं. ह्यो बग डाग!"

गंगव्वाने तो डाग हात लावून बघितला. मग खालच्या पायरीवर जाऊन बसली. तासाभरात राहिलेली दोन बोटं सुटली. मावशीने फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवली, कुठे अडकली नाही. गंगव्वाने तिच्या हातातून ती घेतली आणि स्वतः एकदा फिरवून बघितली.

डॉक्टरांनी अहवाल दिला, मॅजिस्ट्रेटनी सोडण्याचा हुकूम केला. न्यायला तिचा बाप आला होता आणि सासूही आली होती, कडेवर पोर. सुनेचा तेल लावलेला आंबाडा बघितला आणि सासूने ऊर बडवायला सुरुवात केली. "देवी घालवली! माज्या घरची देवी घालवली ह्या दवाखान्यानं!"

बाहेरच्या रांगेतली माणसं गोळा झाली. शिपाई पुढे सरसावला. मावशीने त्याला हाताने थांबवलं, खोलीत जाऊन बिस्किटाचा डबा आणला आणि झाकण उघडून सासूपुढे धरला.

"कुटं घालवली? ही काय, हितं हाय. वस्तरा लावल्याला न्हाय, कात्री लावल्याली न्हाय. देवी ह्या डब्यात हाय. पूजा डब्याची करा. पोरीला भाकरी घाला, आन् पोर तिच्या अंगावर द्या."

सासूने डब्यात बघितलं. एवढ्या माणसांत देवीला नाही म्हणायची तिची छाती नव्हती. डबा घ्यायला दोन हात हवेत, म्हणून तिने कडेवरचं पोर गंगव्वाकडे दिलं. डबा कपाळाला लावला.

तो डबा त्यांच्या भिंतीतल्या देवळीत बसला, असं भाजीवालीने सांगितलं. गंगव्वाला पुढे आणखी दोन मुलं झाली आणि डोकं शाबूत राहिलं, हेही तिनेच सांगितलं. मी स्वतः बघितलेलं नाही, तेव्हा तेवढंच धरावं.

यानंतर मावशी आठ-नऊ वर्षं त्या खोलीवर होती. मग तिची बोटं वाकडी झाली, वयही झालं, आणि नोकरी संपली. मी तेव्हा मोठी नर्स झाले होते. तिच्या नोकरीच्या पुस्तकात शेरा लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी नेहमीचं लिहिलं, 'वर्तणूक चांगली.'

"वाचा," ती म्हणाली. मी वाचलं.

"चांगली म्हंजी काय? काय केलं त्ये लिव की." या खेपेला रागावलेली नव्हती, तरी तू म्हणाली.

मी लिहिलं, 'आलेल्या प्रत्येक बाईचे केस विंचरले.' तिने ऐकून मान हलवली, किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला आणि निघाली. आम्ही दोघीही रडलो वगैरे नाही. बाहेर पेशंट खोळंबले होते.

थोड्या वेळाने मी खिडकीतून बघितलं. फाटकाशी पोलिसाचा टांगा लागला होता. आत एक बाई, पोलकं फाटलेलं, केसांचं टोपलं झालेलं, टांग्याचा दांडा धरून बसलेली. शिपाई ओढत होता, ती उतरत नव्हती. मावशी गाठोडं घेऊन टांग्याशेजारून पुढे गेली, मग थांबली, परत आली. शिपायाला काहीतरी बोलली. तो बाजूला झाला. मावशीने गाठोडं फाटकाच्या पायरीवर ठेवलं, आपण वरच्या पायरीवर बसली आणि कमरेची फणी काढून खालच्या पायरीवर हाताने दोनदा थापटलं.

नोकरीवरून उतरलेल्या माणसाने पेशंटला हात लावू नये असा नियम होता. तो मला चांगला पाठ होता. मी खिडकी लावून घेतली आणि नवी आया बाईला घेऊन माझ्यापुढे येईपर्यंत थांबले. मग पुस्तक उघडून लिहिलं, 'सकाळी साडेदहा. पेशंट आली. केस विंचरलेले आहेत.'